डोळे वर

“कडंची नको उपटू, मधली घे,” हिरामण ओरडला.

विपुलने हात मागे घेतला. साबुदाणा होतो त्या साबुकंदाची कडेची झाडं चांगली दांडगी दिसत होती. त्यांना ऊन जास्त मिळतं, मुळांना जागाही जास्त. वजन हमखास भरलं असतं. पण दहा झाडं मधलीच मोजायची, नाहीतर हिशेब खोटा ठरतो, असं कृषी सहायक शुभदाने सांगितलं होतं. आज बापाचं हरणं म्हणजे विपुलचं जिंकणं होतं, तरी बापानेच त्याला अडवलं होतं.

बापलेकात ठरलंच होतं तसं. दहा झाडांखाली तीस किलो कंद निघाले तर उलव्यातली त्यांची ही शेवटची पाच गुंठे वरकस, भात न होणारी जमीन शेतीच राहील. नाही निघाले तर रविवारी जेसीबी येईल आणि विपुलच्या कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरना उभं राहायला जागा होईल.

गेल्या वर्षी हिरामणने स्वतःच्या हाताने पिकाची माती केली होती. सुधारित जातीच्या खोडाच्या कांड्या तीन-तीन फुटांवर लावा, असं शुभदाने बजावलं होतं. पण जन्मभर भात लावलेला माणूस तो. मोकळी जमीन त्याला बघवत नसे. त्याने भाताचं आवण लावावं तशा वीत-वीत अंतरावर कांड्या खोचल्या, वर युरिया ओतला. पाला माणसाच्या डोक्यावर गेला आणि खाली बोटाएवढी मुळं. “हिरामणदादानं झाडू पिकवलं!” गावाने वर्षभर मजा घेतली.

यंदा त्याने तीन फुटांची काठी कापली आणि काठीबाहेर गेला नाही. सोळाव्या हिश्श्याएवढ्या कांड्या, युरिया नाममात्र, बाकी शेणखत आणि चुलीची राख. प्रत्येक झाडाला दोनच फुटवे ठेवले. बाकीचे खुडताना जीव तुटला, तरी खुडले.

दहावं झाड विपुलने घाईने हिसकलं. कंद कट्‌कन मोडला, अर्धा मातीतच राहिला.

शुभदाने काटा पाहिला. “अठ्ठावीस किलो आठशे, काका.”

हिरामण गुडघ्यांवर बसला आणि बोटांनी माती उकरू लागला.

“राहू दे रे बाबा,” विपुल म्हणाला. “एका तुकड्यानं काय व्हनार?”

“जमिनीनं दिलंय, त्यो टाकू?”

तुकडा निघाला. हिरामणने तो धोतराला पुसून पुसून स्वच्छ केला. शुभदाला वाटलं, थोडी माती राहू द्यावी. काटा साडेएकोणतीसवर थांबला.

“काका, गेल्या वर्षी एवढ्याच जागेत याच्या निम्मंही नव्हतं,” ती घाईने म्हणाली. “खत कमी, कांड्या कमी. अर्ध्या किलोचं काय एवढं?”

“नाय बाय. तीस म्हंजी तीस.” हिरामण उठला. त्याने कोंबांचे डोळे जपत खोडं कोयत्याने साफ केली, पुढच्या लागवडीसाठी जुडी बांधली आणि विपुलपुढे धरली. “सावलीत उबी ठेव. डोले वर.”

“कशाला? शेतच नाय राह्यलं तर?”

“शेत जाईल. बी कशाला टाकू?”

विपुलने जुडी सावलीत नेऊन उभी केली.

रविवारी हिरामण उजाडताच निघाला. जेसीबी शेत मोडताना घरात बसून ऐकण्यापेक्षा समोर उभं राहिलेलं बरं, असं त्याला वाटलं. रस्त्याकडच्या अडीच गुंठ्यांत चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या आणि जेसीबी तिथे माती सपाट करत होता.

मागच्या अडीच गुंठ्यांत मात्र मातीचे उंचवटे होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून विपुल तीन फुटांची काठी टाकत होता, कांडी खोचत होता, पुन्हा काठी टाकत होता. बापाला पाहून तो थांबला.

“पुढचं माझं, मागचं तुझं,” तो म्हणाला. “अर्धा किलोच कमी होतं ना?”

हिरामण ओळीने चालत गेला. चौथी कांडी उलटी लागली होती, डोळे खाली. त्याने ती हळूच उपसली, फिरवली आणि पुन्हा त्याच खड्ड्यात लावली.