कापायच्या आधी आत चढा

भीत भीतच बोलतो. मी रेल्वेचा जुना निळा डबा. मुकुंदवाडी स्टेशनापलीकडच्या आडरुळावर उभा आहे. आज गॅस कटरची पहिली ज्योत अंगाला लागली, अजून पोळतंय.

तीस वर्षांपूर्वी मला घडवलं. अंग पोलादाचं, आत प्लायवूड, बाकांना फोम, खिडक्यांना आडव्या सळ्या. नव्वद जणांची जागा, बसायचे दोनशे. पण आमच्या घडणीत एक खोट होती. धडक बसली की आम्ही डबे एकमेकांवर चढायचो. प्रत्येक ब्रेकला माझा जीव धसकायचा. मग लाल डबे आले. ते चढत नाहीत म्हणे. मला भंगारात काढलं, तुकडे करायला इथं आणलं.

इथं येतो तो फक्त अप्पाराव. जन्मभर चाकांवर हातोडी मारून, आवाजावरून तडा ओळखायचा. ठोकून ठोकून कान गेले. दुपारी माझ्या बाकावर येऊन झोपतो. वारा दोन्हीकडून लागतो.

आजही झोपला होता.

कटरवाला कचरू रीतीचा माणूस. गॅस सोडायच्या आधी डब्यावर तीनदा हातोडी मारायची, हाक द्यायची, ही त्याची रीत.

"हाय का रं कुणी आत? निघा बाहीर!"

अप्पाराव कूस बदलून घोरू लागला.

"कुणी नाय," कचरू जोडीदार चांदपाशाला म्हणाला. "खोल गॅस."

"एक बार चढके देखूं क्या, कचरूभाऊ?"

"तीनदा ठोकलं की! मुडदा बी उठून बसंल. तुला काय वरातीत बसायचंय व्हय आत?"

मला तोंड नाही. साखळी आहे, पण ती ओढून आता काही थांबत नाही. ज्योत दाराशेजारी टेकली. पत्रा लाल झाला, प्लायवूड धुमसलं, धूर बाकाकडं सरकला. पोलादालाही कापरं भरतं, हे तेव्हा कळलं.

एवढ्यात अप्पारावाची बायको केसरबाई भाकरी घेऊन रूळ ओलांडताना दिसली. धूर पाहताच किंचाळली, "बंद करा रं! म्हातारा हाय आत! ठार बहिरा हाय त्यो!"

चांदपाशानं गॅस बंद केला, पलीकडच्या दारानं आत घुसला आणि खोकणाऱ्या अप्पारावाला पाठीवर घेऊन उतरला. कचरू केसरबाईसमोर येऊन उभा राहिला.

"मी ठोकलं होतं, मावशी."

"हलवून उठवावं लागतं त्याला. मला इचार, लई वर्सं तेच करते मी."

सगळे गेलेत. उद्या येतील. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण कापा. फक्त एवढं लक्षात ठेवा, माझ्यामागं अजून चार डबे आहेत. त्यांच्या आत चढा, बाकाबाकावर हात फिरवा, आणि मगच ज्योत लावा.