बर्फाच्या कारखान्यात लपवलेली फिल्म

मित्रांनो, मी चित्रपटाची एक जुनी फिल्म आहे. पत्र्याच्या गोल डब्यांत माझी रिळं गुंडाळून ठेवलेली आहेत. नावा बांधणारा काळा एउसेबियो आणि बंदरावरच्या गोऱ्या साहेबाची मुलगी अमालिया, या दोघांच्या प्रेमाची गोष्ट माझ्या अंगावर उमटलेली आहे. तुम्ही म्हणाल, यात घाबरण्यासारखं काय आहे? पण माझं बहुतेक आयुष्य भीतीतच गेलं.

राजधानीतल्या मोठ्या थिएटरांनी मला दारातूनच परत पाठवलं. मग बोटीतून मी पुएर्तो सेरेनोच्या बंदरात आले. तिथे लाउरेआनो नावाच्या एका गृहस्थांचं छोटं थिएटर होतं. त्यांची पुतणी एर्सिलिया खिडकीत बसून तिकिटं विकायची आणि निकानोर वर प्रोजेक्टर चालवायचा. ती गोरी होती, तो काळा. निकानोर माझ्या कडांना फार हलक्या बोटांनी धरायचा. दिव्यासमोर अडकले तर क्षणात जळून भोक पडेल, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

खालच्या बाकांवरच्या लोकांनी मला डोक्यावर घेतलं. मासळी विकणारी तोमासा मावशी तर रोज यायची.

"अगं, शेवट पाठ झाला असेल तुला," शेजारीण म्हणायची.

"म्हणून तर येते. घरी कुठे गोड शेवट बघायला मिळतो?"

माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेवढेच. वरच्या, गोऱ्यांच्या महागड्या खुर्च्या मात्र रिकाम्या होऊ लागल्या, आणि एका दुपारी लाउरेआनो कात्री घेऊन प्रोजेक्टरच्या खोलीत शिरले.

"नगराध्यक्षांचा निरोप आलाय. ती दोघं एकमेकांना जवळ घेतात, तेवढं कापून टाक."

"मालक, मग उरेल काय? नुसती नाव," निकानोर म्हणाला.

"नाव चालेल. नाव कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही."

कात्रीचं थंडगार पातं माझ्या अंगाला टेकलं. तेवढ्यात एर्सिलिया जिना चढून वर आली.

"काका, थांबा. मी निकानोरशी लग्न करणार आहे."

काका मटकन स्टुलावर बसले.

"हे तुला या फिल्मनं शिकवलं?"

"नाही काका. फिल्म आत्ता आली. आमचं त्याच्या आधीपासून आहे."

मला वाटलं, आता माझे तुकडे होणार. काकांनी कात्री उचलली आणि खिशात टाकली. "हे लग्नाचं कळलं तर नगराध्यक्षांचे लोक थिएटर पेटवतील," ते पुटपुटले. "संध्याकाळच्या आत ही फिल्म इथून हलवा. आणि तुम्हीही जा, पोरांनो. मी कुणाला काही सांगणार नाही."

तोमासा मावशीनं माझे डबे टोपल्यांत ठेवून वर मासे पसरले. वाटेत पोलिसानं तिची हातगाडी अडवली. "खाली काय आहे?"

"मासेच. घाल हात कोपरापर्यंत. मग आठवडाभर बायको जवळ घेते का बघ."

तो हसून बाजूला झाला. मी मात्र डब्याच्या आत गारठून गेले होते.

मावशीच्या भावानं मला बर्फाच्या कारखान्यात, लाद्यांच्या मागे लपवलं. एर्सिलिया आणि निकानोर ही दोघं त्याच दिवशी बोटीनं नदीच्या वरच्या गावांकडे निघून गेली. लाद्या फोडणाऱ्या कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव मला आपल्याच अंगावर येतोय असं वाटायचं. पण त्या गारव्यानंच मला जगवलं. वर्षं सरली; मावशी वारली, तिचा भाऊही वारला. मी तिथे आहे हे सांगायला कुणी उरलं नाही. पुढे कारखाना बंद पडला, ऊन आत शिरलं आणि माझ्या अंगाला शिरक्यासारखा आंबूस वास सुटला. शेवटच्या रिळाचा डबा गंजला. त्यातल्या चित्रांचा चिकट लगदा झाला.

पडक्या भिंती पाडताना मजुरांना मी सापडले. यादिरा नावाच्या बाईंनी मला फिल्मसंग्रहालयात नेलं. शेवट शोधत त्या गावभर फिरल्या. एक म्हातारा म्हणाला, नावेचं शीड निळं होतं. माझ्या अंगावर तर काळा-पांढरा सोडून रंगच नव्हता. दुसरा म्हणाला, अमालिया हात हलवते. विचारत विचारत बाई नदीकाठच्या एका गावात पोचल्या. तिथे एर्सिलिया आजी नारळाचा भात ढवळत होत्या. निकानोर आजोबा ओसरीत घोरत होते.

"शेवटी नाव निघते," आजी म्हणाल्या, "आणि मग नुसतं पाणी दिसतं. पुढचं फिल्ममध्ये नव्हतं. ते आम्हीच बघितलं."

बाईंनी ते शब्द ध्वनिमुद्रित करून घेतले.

उद्या माझी प्रत काढणाऱ्या यंत्रावर मला चढवणार आहेत. मी आक्रसले आहे, ठिसूळ झाले आहे. यंत्राच्या पहिल्याच दातेरी चाकात फाटेन की काय, या विचारानं मी जीव मुठीत धरून बसले आहे. मित्रांनो, फिल्म जपायची तर तिला गारवा, कोरडी जागा आणि स्वच्छ हात हवेत. पण तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी कधीतरी काय पाहिलं, ती कशानं रडली, हे आजच विचारून घ्या. आठवणींचा तो डबा कधी गंजेल, हे बाहेरून कळत नाही.