ताजा सांबार

गोष्टीतल्या अनाथ मुलांची चंगळ असते. त्यांना भुयार सापडतं, नकाशा सापडतो, वर एखादा इमानी कुत्राही मिळतो. भातकुलीच्या दीक्षा आणि ललितला यातलं काहीच मिळालं नाही. ट्रॅक्टर उलटून आईबाप एकदमच गेले आणि मागे दोन खोल्यांचं घर राहिलं, तेही नेमकं अमरावती रोडला लागून. रोडला लागून जागा असली की नातेवाईक उगवतातच.

यांच्याकडे मामा उगवला. आईचा भाऊ पिंटू लहानपणीच घरातून पळाला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. ‘तो मीच,’ असं सांगत एक जाडजूड माणूस दारात आला आणि ललितला मिठी मारून ढसाढसा रडला. इतकी वर्षं अकोल्यात होतो, म्हणाला. आता घर विकायचं, ललितला होस्टेलात टाकायचं आणि दीक्षाला पुण्याच्या एका बाईंकडे घरकामाला ठेवायचं, असा त्याचा प्रेमळ बेत होता.

नुसतं घर गेलं असतं तर दीक्षा रडून गप्प बसली असती. पण ललित सात वर्षांचा होता आणि तिचा हात धरल्याशिवाय त्याला झोप येत नव्हती. होस्टेलात त्यानं कुणाचा हात धरायचा?

शिवाय मामाच्या बोलण्यात तिला खोट दिसत होती. वऱ्हाडीत ‘ला’चा ‘ले’ होतो, पण हा दिसेल त्या शब्दाला ‘ले’ चिकटवायचा. “मले पाणीले दे,” म्हणायचा. दीक्षानं हे बुधाजीला सांगितलं. बुधाजी तिच्या वडिलांचा दोस्त, गल्लीत त्याचा शब्द चालायचा.

“अकोल्याचा हाय तो,” बुधाजी म्हणाला. “तिकडं असंच बोलत असन.”

अमरावतीकडच्या माणसाला अकोल्याबद्दल काहीही सांगा, पटतं.

निघायच्या दिवशी शेजारची अनवरीखाला पोरांच्या शिदोरीसाठी वड्या करायला बसली. बुधाजी निरोप द्यायला ओट्यावर येऊन बसला होता. त्याच्यासमोरच दीक्षा म्हणाली, “मामा, वड्यांसाठी सांबार नाही घरात. चौकातून आनता का? ताजा पाहून आनजा.”

‘जुडी’ हा शब्द तिनं मुद्दाम गिळला.

“आनतोले,” म्हणत मामा गेला. परत आला तो हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीतून वाफ येत होती.

“एकदम ताजाले,” तो म्हणाला. “इडलीवाल्यानं माह्यासमोर उकळवला.”

साऱ्या वऱ्हाडात, अगदी अकोल्यातही, सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबर मिळतो त्यालाही सांबारच म्हणतात, पण तो वडीत कुणी घालत नाही.

बुधाजीनं पिशवी हातात घेतली, उजेडात धरून पाहिली.

“पाव्हने,” तो म्हणाला, “आता हा कापाचा कसा?”

मामा हसायला गेला, पण कुणीच हसेना. बुधाजीनं कोपऱ्यातली काठी उचलली, तशी मामाची भाषा एकदम शुद्ध झाली.

“हे बघा, आपला काहीतरी गैरसमज होतोय,” असं म्हणत त्यानं रोड गाठला. ‘ले’ एकही उरला नव्हता.

खाला पोटभर हसली. ललित मात्र रडायला लागला.

“तो चांगला होता,” तो म्हणाला. “त्यानं मले कुशीत घेतलं होतं.”

घराची लबाडी एकवेळ सोडून देऊ, पण त्या मिठीसाठी त्या माणसाला चार रट्टे बसायलाच हवे होते, असं माझं स्वच्छ मत आहे.

बुधाजी खाली मान घालून म्हणाला, “चुकलं माह्यं, पोरी. तुमी दोघं कुठंच नाही जात.”

खालानं पदरानं ललितचं नाक पुसलं. “झालं ना रडून, बेटा? मंग जाय, सांबार घेऊन ये. वड्या का तशाच ठेवू?”

ललित उठला, दारापर्यंत गेला आणि मागे वळला.

“ताई, तू बी चाल.”

दीक्षानं त्याचा हात धरला. दोघं चौकात गेली आणि जुडी घेऊन घरी आली.