आठवड्याला चार कवळ्या

आमच्या घरात कौतुकाला कधी तोटा पडला नाही. अक्कल तेवढी कमी पडली. हे मी काकांना उद्देशून म्हणते आहे, पण त्यात आई आणि मीही आलो.

दादा कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर जबड्याचं माप, म्हणजे लगद्यात घेतलेला ठसा, पाठवतात, दादा त्यात प्लास्टर ओतून साचा काढतो आणि साच्यावर मेणात एकेक दात बसवतो. घराची पुढची खोली हीच त्याची लॅब. कवळ्या घासून चकाकी आणायचं काम माझं. प्रत्येक साच्याखाली तो पेन्सिलीने तारीख टाकतो आणि साचा फळीवर ठेवून देतो. सहा वर्षं त्या फळ्या मी पुसते आहे. पुसते म्हणजे फडकं फिरवते. डोळे उघडे ठेवून पुसल्या असत्या तर पुढचं काही सांगायची वेळ आली नसती.

दोन वर्षांपूर्वी दादा झपाटल्यासारखा कामाला लागला. आठवड्याला चारच्या जागी सतरा कवळ्या. झोप जेमतेम तीन तास, तरी उठायचा ताजातवाना. तोंडाचा पट्टा थांबेना. दात एक माप मोठे आणि पांढरेफटक बसवायला लागला. "म्हाताऱ्यांनी जरा रुबाबात हसावं," म्हणायचा. एका निवृत्त मुख्याध्यापकांचं तोंडच मिटेना. डॉक्टरांनी कवळी परत पाठवली, तर दादाने फोनवर त्यांनाच अडाणी ठरवलं. मग त्याला मोठी कल्पना सुचली. माप घ्यायची भानगडच नको, सगळ्या जगाला बसेल अशी एकच कवळी!

शहाण्या माणसाने इथे काय केलं असतं ते मला माहीत नाही, कारण घरात तसा माणूस नव्हता. काकांनी टाळ्या वाजवल्या. "आमचा पुतण्या वाघ आहे, वाघ!" काकांनी आयुष्यभर एका गोदामात खोक्यांवर शिक्के मारले, पण सल्ला द्यायला त्यांना कुठलाच विषय परका नाही. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आता कुठे माझं पोरगं खरं दिसायला लागलं." मीही हसत होते. घरात मजा होती, खोटं कशाला बोलू?

अडीच महिन्यांनी वाघ भिंतीकडे तोंड करून निजला. अंघोळ नाही, जेवण नाही, "मी मेलो तर सुटाल" एवढंच बोलणं. लॅबमध्ये प्लास्टरला ओल लागून त्याचे गोळे झाले. काकांचं निदान तयार होतं, "सोंग आहे नुसतं. अंगात आळस भरलाय."

मी दादाला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. उदास आहे, खात नाही, असं सांगितलं. आधीचे अडीच महिने सांगितलेच नाहीत. चांगलं चाललेलं डॉक्टरांकडे तक्रार म्हणून कोण सांगतं? त्यांनी उदासीवरची गोळी दिली आणि तीन आठवड्यांत दादा पुन्हा सतरावर. आई खूश. काकांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली, जणू गोळी त्यांनीच वळली होती. या वेळी मात्र एका दुपारी त्याने आलेली सगळी मापं कचऱ्यात फेकली. मी अडवायला गेले तर मला ढकलून दिलं. कोपर फुटलं. पंधरा दिवसांनी पुन्हा ती भिंत.

मग मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. काका बरोबर आले, अर्थातच. बाईंनी उदासीचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "याच्या उलट दिवस कधी आले होते? झोप कमी, बोलणं खूप, मोठमोठ्या योजना, कुणी अडवलं की भडकणं?"

काका फुलले. "अहो, वाघ होता! तुम्ही फक्त तोच आम्हाला परत द्या."

दादाने माझा हात घट्ट धरला. कितीतरी दिवसांनी तो एवढं बोलला. "ते सांगू नकोस. माझ्याकडे तेवढंच चांगलं आहे. तेही आजारात गेलं तर माझं काय उरतं?"

गप्प बसावंसं वाटलं. पण मागच्या खेपेला गप्प बसून मी काय मिळवलं होतं ते कोपराला कळत होतं. मी सगळं सांगितलं. सतरा कवळ्या, तीन तास, मुख्याध्यापक, जगाची एक कवळी, ते ढकलणं. दादाने माझा हात सोडला.

"दोन्ही टोकं एकाच आजाराची आहेत," बाई म्हणाल्या. "बायपोलर म्हणतात त्याला. लोक एकच टोक सांगतात, मग औषध चुकतं. नुसती उदासीची गोळी अशा माणसाला वर भिरकावू शकते."

"म्हणजे हुशारी हा आता आजार झाला?" काका म्हणाले आणि नाक फुगवून बाहेर जाऊन बसले. बरं झालं, खोलीत जरा हवा आली.

बाईंना पुढच्या वेळी या चढउतारांच्या तारखा हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून साचे उतरवले आणि खालच्या तारखा वहीत मांडल्या. एक फळी खच्चून भरलेली, मग चौदा आठवडे काहीच नाही. त्याआधीही तसंच, त्याच्याही आधी दोनदा, जरा लहान, पण तसंच. आम्हाला दोन वेळा माहीत होत्या, साच्यांना चार. आणि मध्ये लांबच लांब रांगा, आठवड्याला चार, आठवड्याला चार. त्या महिन्यांतलं दादाचं एखादं वाक्य, एखादी गोष्ट आठवून पाहिली. एकही आठवेना.

दादा चादर गुंडाळून दारात उभा होता. कालपासून माझ्याशी बोलला नव्हता.

"या चार-चारच्या दिवसांत तू कसा होतास रे?" मी विचारलं.

त्याने एक साचा उचलला, तारीख पाहिली आणि जागेवर ठेवला.

"बरा होतो," तो म्हणाला. "तेव्हा तुम्ही कुणी बघत नव्हतात."