पाहुण्याच्या सायकलीची घंटी

दचकू नका, मी बोलतेय. दचकणं हे माझं काम, तुम्ही कशाला त्रास घेता? मी एक शर्यतीची सायकल. सिमेंटच्या गोल ट्रॅकवर पळणारी, हाडकुळी. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, ब्रेक तर जन्मापासूनच नाही. पाय फिरतात तोवर मी पळते, पाय मंदावले की मीही मंदावते. इतकं सरळ आहे, पण ऐकून भल्याभल्यांचे चेहरे उतरतात.

जन्म बर्मिंगहॅमचा. केनियातल्या मोंबासा बंदरातल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने मला हौसेने मागवलं आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो माझ्याकडे बोट दाखवून स्वतःच्या वेगाच्या गोष्टी सांगे. माझ्यावर तो एकदाही बसलेला नव्हता. शरमेने मला गंज चढायला लागला होता. मायदेशी परतताना त्याने मला बंदरावरच्या एका कारकुनाला, साल्मिन हमादीला, देऊन टाकलं. साल्मिन बसला तेव्हा मला पहिल्यांदा वारा लागला.

नैरोबी, एडन, कराची. जाऊ तिथे त्या ट्रॅकवर उतरलेला साल्मिन हा पहिलाच आफ्रिकन. आयोजक कौतुकाने त्याचा हात हातात घेत आणि मग हळूच आपला हात रुमालाला पुसत. मला ते दिसायचं. माझी उंचीच तेवढी.

१९५९ साली कुवेतमधल्या एका तेल कंपनीच्या क्लबने शर्यत ठेवली. जिंकेल तो युरोपातल्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता, आणि साल्मिनला जगात दुसरं काही नको होतं. केनियाचा खेळाडू म्हणजे गोराच असणार, असं क्लबने धरून चाललं होतं. साल्मिन विमानातून उतरला आणि क्लबचं अतिथिगृह अचानक भरून गेलं. मग त्याला स्टोअरकीपर मुनव्वरभाईंच्या घरी पाठवलं.

मुनव्वरभाई रत्नागिरीकडचे. पाहुणा म्हटल्यावर त्यांना काय करू नि काय नको असं होई. त्यांच्या बायकोने, झुलेखाभाभींनी, माशाचं कालवण आणि भात एवढा वाढला, की साल्मिन जेवून तिथेच आडवा झाला. तेवढ्यात मुनव्वरभाईंची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“झुलेखा, ह्याच्या सायकलला ब्रेकच नाय गो. गोऱ्यांनी पोराला मारायला बोलावलंय काय?”

“मग बघत काय बसलाव? लावा की. पावना आपल्या दारातून धड परत गेला पाहिजे.”

मी जीव तोडून ओरडले असते, पण मला तोंड नव्हतं. संध्याकाळपर्यंत मला ब्रेक आला, मडगार्ड आली, तांदळाचं पोतं पेलेल असं कॅरियर आलं. आणि नाकावर एक जुनी पितळेची घंटी. ती जरा हलली की वाजे, आणि दर वेळी मी नव्याने दचके. पाहुण्याला चकित करायचं म्हणून मुनव्वरभाईंनी मला चादरीत गुंडाळलं आणि सकाळी आपल्या हाताने ट्रॅकवर नेलं.

चादर निघाली. साल्मिन चकित झाला, यात शंका नाही. साहेबलोक तर हसून हसून कठड्याला टेकले. क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांनी आजवर कोणी न उघडलेलं नियमांचं पुस्तक उघडलं: ब्रेकवाली सायकल बाद. मुनव्वरभाई पाना घेऊन माझ्यावर तुटून पडले. पाहुणचार एकेक करून जमिनीवर पडला. घंटीचा स्क्रू मात्र झिजला होता, निघेना.

“राहू द्या,” सेक्रेटरीसाहेब म्हणाले. “शोभतेय त्याला.”

शर्यत साल्मिनने जिंकली. दुसरा आलेला लाल मानेचा इंजिनियर बराच मागे होता. सेक्रेटरीसाहेब आता हसत नव्हते. घंटीच्या आवाजाने बाकीच्यांचं लक्ष विचलित झालं, सबब निकाल रद्द, असं त्यांनी जाहीर केलं. मुनव्वरभाई डोकं धरून खाली बसले. पाहुण्याचं युरोप त्यांनी आपल्या हाताने घालवलं होतं.

साल्मिन मला धरून सेक्रेटरीसाहेबांपुढे उभा राहिला.

“साहेब, घंटीने जिंकता येत असेल तर ती सगळ्यांनाच द्या. माझी काढून घ्या. आत्ता परत धावू.”

पाहुण्यांच्या रांगेत एक वृद्ध शेख बसले होते. क्लबची जमीन त्यांची. दुभाष्याने त्यांना हे सांगितलं, तेव्हा ते इतके हसले की डोक्यावरच्या रुमालाचा काळा गोफ सावरावा लागला. हसून झाल्यावर त्यांनी हाताने खूण केली: चालू द्या. सेक्रेटरीसाहेबांनी शेखांकडे पाहिलं आणि नियमांचं पुस्तक मिटलं.

मुनव्वरभाईंनी करवतीने माझी घंटी कापली. मग स्टोअरमधून नव्या घंट्या आणून शर्यतीतल्या बाकीच्या चारही साहेबांच्या सायकलींना बसवल्या, अगदी मन लावून, घट्ट.

शिट्टी झाली. चार घंट्या माझ्या मागे किणकिणत होत्या. पहिल्या वळणावर अगदी कानाशी, मग जरा लांब, मग बारीक. शेवटच्या वळणावर मला फक्त साल्मिनचा श्वास ऐकू येत होता.

लाउडस्पीकरवर विजेत्याचं नाव सांगायचं होतं. दिवसभर सेक्रेटरीसाहेब त्याला ‘आपले आफ्रिकन पाहुणे’ म्हणत आले होते. आता त्यांना खाली उतरून नाव विचारावं लागलं. साल्मिनने सांगितलं. त्यांनी माइकमध्ये अर्धंच म्हटलं.

“पूर्ण,” साल्मिन म्हणाला.

सध्या मी कुवेतच्या बंदरावर एका लाकडी पेटीत आहे. युरोपला निघाले आहे. वरून क्रेन करकरते, मी दचकते. पलीकडे पेटी उघडणाऱ्या भल्या माणसा, झाकणावर मालकाचं नाव ठळक लिहिलंय. आधी ते वाच. मोठ्याने.