शाळेच्या वावरातली अळी

एवढी मोठी शाळा, काचेच्या खिडक्या, रंगीत झोके, अन् मागच्या कोपऱ्यात छातीइतकं तण. सुखदेव म्हाताऱ्याला ते बघवेना.

"काय मास्तर लोक हायेत बाप्पा," तो एकटाच बोलत होता. "पोरायले अक्षर शिकवतात अन् वावर असं ठेवतात."

इंग्लंडात, लेस्टरला, मे संपता संपता शाळेला आठवडाभर सुट्टी असते. हाफ टर्म. म्हाताऱ्याची नात तनू आईबरोबर मामाकडे पिनरला गेली होती. जाताना बजावून गेली, "आबाजी, आमच्या क्लासचा बीन्सला पाणी घाला. रोज. प्रॉमिस?" म्हातारा हो म्हणाला. शाळेची देखभाल करणारा बॅरी त्याचा दोस्त. रोज सकाळी दोघं कुंपणाशी उभे राहायचे. एक इंग्रजीत हवा सांगायचा, दुसरा वऱ्हाडीत कापूस सांगायचा, आणि दोघंही मान डोलवायचे. बॅरीनं बाजूच्या फाटकाची चावी गुपचूप त्याच्या हातात ठेवली. असं करायची परवानगी नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तर सुट्टीच्या शेवटच्या दिवशी पाणी घालून झालं, आणि म्हाताऱ्याची नजर कोपऱ्यातल्या तणाकडे गेली. जन्म काढला दर्यापूरकडच्या काळ्या रानात. गुडघे टेकून निंदणाला बसला. बायको चंदाबाई वारल्यावर पोरानं इकडे आणलं, तेव्हा तिच्याच लुगड्यात गुंडाळून आणलेलं खुरपं पहिल्यांदा इथल्या मातीला लागलं. माती गार, चिकट, पावसानं फुगलेली. तणाला हात लावला तर विंचू चावल्यागत झालं. पानापानाला काटेरी लव. खाजकुयलीची इंग्रज बहीण म्हणावी अशी जात. पण ह्यानं हात मागे घेतला नाही.

आणि पान उलटलं तर खाली अळ्या. काळ्याभोर, काटेरी, शेकड्यानं. जाळं विणून बसलेल्या.

म्हाताऱ्याच्या अंगावर काटा आला. पऱ्हाटीच्या बोंडात अळी शिरली की काय होतं, ते त्यानं पाहिलं होतं. एका साली ह्याच तनूच्या बापाला, राजीवला, अळीपायीच शाळेतून काढून वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसवावं लागलं होतं. अन् आता नातीच्या शेंगांच्या वेलापासून चार हातावर ही फौज?

"थांबा," तो म्हणाला. "दावतो तुमाले."

झुडपं मुळासकट उपटली. बादलीत साबणाचं पाणी केलं, अळ्या त्यात झटकल्या. निसटल्या त्या टाचेखाली घेतल्या. कोपऱ्यात एक काठी रोवलेली होती, तिला प्लास्टिकमध्ये घातलेली पाटी. पोरांच्या हातची रंगीत अक्षरं. वाचता येईना, पण अक्षराला पाय लागू नये म्हणून म्हाताऱ्यानं ती बाहीनं पुसली आणि शेडच्या खिडकीत नीट ठेवली. मग बोटानं वाफ्याची कड सरळ केली आणि कंबर धरून उभा राहिला. हात सुजले होते, पण मन भरलं होतं. शाळेसाठी आपल्या हातून काहीतरी झालं.

सोमवारी तनूला सोडून तो नेहमीच्या जागी बॅरीशेजारी उभा राहिला. भुरभुर चालू होती. मिस हॉलिस पोरांची रांग घेऊन आली. प्रत्येकाच्या हातात भिंग, गळ्यात दोरीनं बांधलेली पेन्सिल. म्हाताऱ्यानं मान ताठ केली. आता बघतील, म्हटलं, कसं लख्ख केलंय.

रांग कोपऱ्याशी थांबली. मग एक पोरगी रडायला लागली, तिचं बघून दुसरी. मिस हॉलिस खाली बसली, मातीला हात लावला, उठली आणि थेट बॅरीकडे आली. हळू बोलत होती, पण हळू बोलणं केव्हा जहरी असतं ते भाषा न येणाऱ्यालाही कळतं.

बॅरी काही म्हणायला गेला. तेवढ्यात त्याची नजर म्हाताऱ्याच्या हातांवर पडली. तळव्यापासून मनगटापर्यंत लाल फोड. बॅरीनं तोंड मिटलं. स्वतःचे हात खिशात घातले आणि खाली बघत म्हणाला, "सॉरी, मिस."

एवढा शब्द म्हाताऱ्याला येत होता.

दुपारी घरी येताना तनूनं सगळं सांगितलं.

"बॅरीने आमची कॅटरपिलर्स मारली. सगळी. ते नेटल्स मुद्दाम ठेवला होता आबाजी. त्याच्यातून पीकॉक बटरफ्लाय येणार होता. आम्ही रोज मेजर करत होतो, ड्रॉइंग काढत होतो. साइन पण लावला होता."

"अळीचं फुलपाखरू?"

"मग कशाचं? ज्याला त्याला एक एक दिली होती. माझ्या कॅटरपिलरचा नाव चंदाबाई."

म्हातारा थांबला. "काय म्हणलीस?"

"आजीचा फोटोतली साडी ब्लॅक आहे ना? त्याच्यावर व्हाइट डॉट्स? सेम तशीच होती."

म्हाताऱ्याला पायातला बूट जड झाला.

"अन् बॅरीले काय करतीन?"

"मागे त्याने डॅफोडिल्स कापला होता मशीनने. हेड टीचर म्हणाली होती, नेक्स्ट टाइम यू आर आउट. आता तो जाणार, सगळे म्हणतात. बरं होईल. आय हेट हिम."

"तसं म्हणू नोको माय."

"का नको?"

"त्या अळ्या म्या मारल्या."

तनू फुटपाथवर उभी राहिली. म्हाताऱ्याला वाटलं, रडेल, ओरडेल, पाय आपटेल. तिनं फक्त त्याचा हात सोडला, आणि घरापर्यंत दोन पावलं पुढे चालत राहिली.

संध्याकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे तो रोजच्यासारखा पंचशील म्हणायला बसला. पहिलंच शील प्राण्याची हत्या न करण्याचं. उभ्या जन्मात अळ्या मारल्या, फवारण्या केल्या, कधी जीभ अडली नव्हती. आज अडली. सुनेनं, कल्याणीनं, आतून विचारलं, "मामंजी, बरं वाटत नाही का? हाताला काय झालंय?"

"खाजते," तो म्हणाला. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं तर न खाताच.

सकाळी त्यानं तनूला शाळेच्या दारात थांबवलं. "मॅडमले सांग. बॅरीनं नाही, म्या केलं. जसंच्या तसं सांग."

"आबाजी, प्लीज. सगळे म्हणतील तनूचा आबाजी किलर आहे."

"म्हणू दे. सांग."

मिस हॉलिस आली. म्हातारा हात जोडून वऱ्हाडीत सगळं बोलला, अळीपासून बादलीपर्यंत. तनूनं खाली बघत इंग्रजी केलं. मिस हॉलिस हसली, म्हाताऱ्याच्या दंडावर हात ठेवला, "हाऊ लव्हली" म्हणाली आणि आत गेली.

म्हातारा अडाणी होता, पण एवढा नव्हता. एवढ्या अळ्या मारल्याचं ऐकून कोणी लव्हली म्हणत नाही.

"काय सांगतलं तिले?"

"सांगितला की तुम्ही आमचा क्लासला बीन्स शिकवणार."

आता बघा, करायला गेलो काय आणि झालं काय. म्हाताऱ्याच्या बापाला शाळेच्या पायरीवरसुद्धा बसू देत नव्हते. तो ह्याला सांगून गेला होता, शाळेच्या दारात खोटं बोलू नये. आणि आज नात बोलली. त्याच्यासाठी बोलली. अळ्यांचं पाप एकवेळ फिटेल, हे कुठं फेडणार?

थोड्या वेळानं वर्ग बीन्स मोजायला फुटपट्ट्या घेऊन बाहेर आला. म्हातारा कुंपणाशीच होता. बॅरी पलीकडे पानं झाडत होता. म्हातारा उघड्या फाटकातून सरळ आत शिरला, मोकळ्या वाफ्यात जाऊन उभा राहिला आणि दोन्ही तळवे पोरांपुढे धरले. फोड अजून लाल होते. मग पाय उचलून टाच मातीत फिरवली. छातीवर बोट ठेवलं.

"मी. नो बॅरी. मी."

फुटपट्ट्या थांबल्या. मिस हॉलिस कधी त्याच्या हातांकडे बघे, कधी बॅरीकडे. तिनं तनूला जवळ बोलावून काहीतरी विचारलं.

तनू रडत रडत म्हणाली, "मिस विचारते, का मारली?"

"सांग तिले. आमच्या इकडं अळी आली का लेकराची शाळा जाते. मले एवढंच माहीत होतं. इथं अळीच शाळेत घातली हाय, हे ठाऊक नोतं."

ह्या वेळी तनूनं जसंच्या तसं सांगितलं. ते तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. पुढच्या रांगेतला एक पोरगा तरीही म्हाताऱ्याकडे पाठ फिरवून बसला, आणि शेवटपर्यंत वळला नाही.

मिस हॉलिसनं अजून एक विचारलं. तनू घुटमळली. "विचारते, गेट लॉक होता, तुम्ही आत कसा आला?"

बॅरीचा झाडू थांबला.

म्हाताऱ्यानं बापाची आठवण केली, मनातल्या मनात कान धरला, आणि माणसापेक्षा उंच कुंपणाकडे बोट दाखवलं. "जंप."

सगळ्यांनी कुंपणाकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याच्या गुडघ्यांकडे. कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळा वर्ग हसला. तनूसुद्धा, नाक पुसत. मिस हॉलिसनं बराच वेळ बॅरीकडे पाहिलं आणि पोरांना फुटपट्ट्या हातात घ्यायला सांगितलं.

शाळा सुटल्यावर बॅरी म्हाताऱ्याजवळ आला. कुंपणाच्या कडेचं, चुक्याच्या भाजीचा थोरला भाऊ शोभेल असं एक रुंद पान तोडलं, चुरगळलं आणि म्हाताऱ्याच्या तळव्यावर चोळलं. आग थोडी निवाली. सगळी नाही.

त्या साली फुलपाखरं आली नाहीत. खोलातली मुळं तुटून राहिली होती म्हणून तण मात्र पुन्हा फुटलं. जन्मभर निंदण केलेला माणूस आता रोज तणाला पाणी घालायचा, बॅरीच्या देखत, उघड्या फाटकातून.

जुलैत शेंगा धरल्या. एका दुपारी तनूला न्यायला आलेल्या म्हाताऱ्याला दिसलं, एक गोगलगाय वेलावर चढून कोवळी शेंग कुरतडतेय. अंगठा आणि बोट आपसूक पुढे झाली.

"तनू," तो म्हणाला, "हिचं काय करू?"

तनूनं वाकून पाहिलं. "टच नका करू. मी मिसला विचारून येते."

ती पळाली. गोगलगाय शेंग खात राहिली. म्हातारा खिशात हात घालून बघत राहिला.