तडा तिथेच का गेला?

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका विद्यापीठाच्या तळघरात, मोडक्या खुर्च्यांच्या मागे धूळ खात पडलो आहे.

एके काळी माझा मोठा थाट होता. कपाटाएवढा देह, आणि मला उकडू नये म्हणून भर हिवाळ्यातही खोली गार ठेवलेली. मला आणले ते सिग्ने हाल्वरसन बाईंनी. त्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापक. त्यांचा धाकटा भाऊ आर्ने गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला भोक पाडून मासे धरायला गेला होता. आदल्या दिवशी ज्या बर्फावरून गाड्या गेल्या, तोच त्याच्या पायाखाली फुटला. आर्ने वर आलाच नाही. तेव्हापासून बाईंना एकच ध्यास लागला : तडा नेमका तिथेच का गेला?

त्या मला थंडी, वारा, बर्फाची जाडी सांगत आणि मी आकडेमोड करून पडद्यावर तडा काढून दाखवी. चित्र इतके हुबेहूब, की पाहुणे तोंडात बोट घालत. मला फार अभिमान वाटे. पण जाडीच्या आकड्यात केसाएवढा फरक केला, की तडा भलतीकडेच जाई. बाई पुन्हा आकडे भरत.

शेजारच्या खोलीतले प्राध्यापक डेल्बर्ट क्रान्झ एकदा दारात येऊन म्हणाले, "सिग्ने, लोरेननं जेवायला बोलावलंय. चल की." लोरेन म्हणजे त्यांची बायको.

"एवढं एक गणित होऊ दे."

"गेल्या रविवारीही हेच म्हणालीस. अगं, याला बर्फाचे नियम पाठ आहेत. पण त्या सकाळी बर्फाच्या पोटात कुठे बुडबुडा होता, कुठे चीर होती, ते कुणी मोजलंच नव्हतं. मग हा बापडा कुठून सांगणार?"

"ठाऊक आहे मला, डेल." बाईंचा आवाज खाली गेला. "पण हे बंद केलं, की मी आर्नेला शोधणं सोडलं असं वाटतं."

डेल्बर्ट दारातूनच मागे वळले. जाताना त्यांनी दार ओढून घेतले.

पुढे नवा, वेगवान संगणक आला. त्याचे तडे अधिक रेखीव होते, पण तेही दर वेळी वेगळेच. बाई त्याच्यासमोर म्हाताऱ्या झाल्या. एका हिवाळ्यात त्या आजारी पडल्या आणि गेल्या. प्रश्न तसाच राहिला.

मित्रांनो, आम्हा संगणकांना जरूर विचारा. पण चित्र हुबेहूब दिसले म्हणून निसर्ग कळला, असे मानू नका. आणि ज्याचे उत्तर आमच्याकडे नाही, असा प्रश्न घेऊन कोणी आमच्यासमोर एकटे बसले असेल, तर दारातून हाक मारून परत जाऊ नका. खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसा. मला ते करता आले नाही.